अंड्यावर आलेल्या सापाच्या मादीच्या तोंडात काही कोंबू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय, तुम्हालाही आला असेल. पाळलेल्या बॉल पायथनची, म्हणजे अजगराच्या एका परदेशी जातीची मादी, पोटात अंडी आहेत आणि खात नाही म्हणून एकाने तिचं तोंड उघडून धरलंय नि दुसरा चिमट्याने चिकनचे तुकडे आत सारतोय. आणि खाली लोक काय लिहितायत तर "पुण्याचं काम केलंत", "दोन जिवांची आहे बिचारी, भरपूर घाला". बघून जीव तुटला हो. म्हणून हे पत्र, आणि जमलं तर श्रावण लागायच्या आत छापा.

माझ्याकडेही बॉल पायथनची मादी आहे. ही आफ्रिकेतली जात, आणि अशा परदेशी प्राण्यांची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, ती मी केलेली आहे. यंदा ती अंड्यावर आलीय. घरी येणारं प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारतं, खातेय का नीट? तासगावची आत्या तर म्हणाली की अरे डोहाळे लागले असतील तिला, उंदीर नको वाटत असेल तर दूध दे, अंडं फोडून दे. आत्याची माया खरी आहे, पण सापाचं अंग बाईमाणसासारखं चालत नाही. बाईच्या पोटातलं बाळ नऊ महिने आईच्या खाण्यावर वाढतं, पण पायथनच्या पिल्लाची सगळी शिदोरी म्हणजे अंड्यातला बलक, आणि तो मादी आपल्या अंगातल्या चरबीतून आधीच तयार करून ठेवते. म्हणजे खाऊ घालायचे दिवस असतात नराबरोबर सोडायच्या आधीचे काही महिने, तेव्हा मादी चांगली भरलेली पाहिजे, दीड किलोच्या खाली असेल तर जोडी लावूच नये असं जाणकार सांगतात. एकदा अंडी पोटात मोठी झाली की निम्मं शरीर त्यांनीच व्यापलेलं असतं, उंदीर मावायला जागाच राहत नाही, त्यामुळे बहुतेक माद्या आपणहून खाणं सोडतात. तो आजार नाही. जबरदस्तीने घातलं तर ती ओकून टाकते आणि त्यात जी ताकद जाते ती भरून यायला फार वेळ लागतो.

एखादी खातेही, नाही असं नाही. तिला नेहमीपेक्षा लहान उंदीर, फ्रीझरमधला असेल तर कोमट पाण्यात पूर्ण गरम करून दाखवायचा, नाही घेतला तर उचलून घ्यायचा, विषय संपला. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाऊ नका, भुकेला उंदीर गप्प पडलेल्या सापाला कुरतडतो. आणि ते बोनलेस चिकन तर कधीच नको, सापाला कॅल्शियम मिळतं ते अख्ख्या उंदराच्या हाडांतून.

मग तिला लागतं काय तर ऊब, पाणी आणि शांतता. आमची मादी कधी पाण्याच्या भांड्याला घट्ट वेटोळं घालून पेटीच्या गार बाजूला बसते तर कधी उबेच्या बाजूला पोट वर करून, अक्षरशः उलटी पडून राहते, पांढरं पोट टम्म फुगलेलं, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल मेलीच. तर तसं नसतं, अंड्यावरच्या माद्या असं करतात. उबेची बाजू एकतीस-बत्तीस डिग्री, दुसरी बाजू त्याहून गार, म्हणजे कुठे जायचं ते तिचं ती ठरवते. आपल्याकडे मे महिन्यात चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, चालू ठेवणं म्हणजे तिला शिजवणंच आहे. अंड्यांच्या आधी ती एक कात टाकते, त्यानंतर साधारण चार आठवड्यांत अंडी देते, त्या काळात तर तिला हातात घेऊच नका, रील तर नकोच नको.

पुन्हा खाण्याची वेळ येते ती अंडी दिल्यावर. अंडी तिच्याजवळच ठेवली तर पंचावन्न-साठ दिवस ती त्यांना वेढून बसते आणि बहुतेक वेळा काही खात नाही. इन्क्युबेटरला (अंडी उबवायच्या यंत्रात) काढून घेतली तर मादीला कोमट पाण्याने हलकं धुवा, खालचा कागद बदला, कारण अंड्यांचा वास राहिला की ती अजून अंडी राखतेय असंच वागते. मग लहान उंदरापासून सुरुवात, घाई नाही. काही अंडी देऊन बाकीची अडकली तर मात्र लगेच डॉक्टर पाहिजे. इथेच आपलं घोडं अडतं. मी आधीच चौकशी करून ठेवावी म्हणून एका दवाखान्यात गेलो तर "कुत्रं-मांजर असेल तर आणा" एवढंच ऐकून परत आलो. जिल्ह्यात साप बघणारे डॉक्टर कोण आहेत याची यादी पशुसंवर्धन खात्याने लावावी, सर्पमित्रांनाही तिचा उपयोग होईल.

हे सगळं परदेशी सापाचं झालं. आपले नाग, धामण, घोणस घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. तरी कृष्णेला पूर आला की साप घरात येतात आणि कुणीतरी नागीण बरणीत ठेवतं, पोटुशी आहे म्हणून वाटीत दूध ठेवतं. दूध सापाला पचत नाही, तहानेने पितो एवढंच, आणि नळीने पाजलं तर फुफ्फुसात जाऊन मरूही शकतो. नागीण साधारण एप्रिल ते जुलै अंडी घालते, घोणस अंडी न घालता थेट पिल्लं देते तीही साधारण मे ते जुलैत, म्हणजे नागपंचमीच्या तोंडावर पकडलेली मादी अंडी-पिल्लांच्या दिवसांतली असण्याची शक्यता भरपूर. बत्तीस शिराळ्याची नागपंचमीची श्रद्धा मला ठाऊक आहे, आम्ही लहानपणापासून जात आलोय, श्रद्धेविरुद्ध माझा एक शब्द नाही. फक्त वाटी भरू नका आणि बरणीत कोंडू नका.

साप घरात आला तर फोन करायला वनविभागाचा १९२६ हा नंबर टोल-फ्री आहे, तो तुमच्या पेपरात श्रावणभर रोज पहिल्या पानावर चौकटीत छापावा ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
मिरज