प्राचीन ‘बोलेटस’ म्हणजे नेमकी कोणती अळंबी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोमन सम्राट क्लॉडियसला इ. स. ५४ मध्ये ‘बोलेटस’ अळंबीतून विष दिले गेले, असे वाचले की आज इटलीत ‘पोर्चिनी’ नावाने विकली जाणारी अळंबीच डोळ्यांपुढे येते. हा समज दूर व्हावा, यासाठी हे पत्र.

रोमन लोकांची ‘बोलेटस’ ही सर्वसाधारणपणे ‘अमानिटा सीझरिया’ मानली जाते. दक्षिण युरोपातील ओक आणि चेस्टनटच्या रानांत उगवणारी, नारिंगी छत्रीची व पिवळ्या देठाची ही अळंबी त्या काळी इतकी मोलाची होती की, सोनेचांदी भेट पाठवणे सोपे, बोलेटस पाठवणे मात्र कठीण, असे कवी मार्शलने लिहून ठेवले. क्लॉडियसला तिची विलक्षण आवड होती, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या मते विष तिच्यात मिसळलेले होते. म्हणजे दोष अळंबीचा नव्हता, हे तिच्या बाजूने आवर्जून सांगायला हवे.

पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘बोलेटस’ हे नाव छत्रीखाली बारीक छिद्रे असणाऱ्या अळंब्यांना दिले आणि मूळ मानकरीण त्या नावाला मुकली. पोर्चिनीचे ‘बोलेटस एड्युलिस’ हे नामकरण ब्युलियार यांनी १७८२ मध्ये केले. ‘एड्युलिस’ म्हणजे खाण्याजोगी. रोमनांच्या लाडक्या अळंबीला मात्र त्याआधीच, १७७२ मध्ये, स्कोपोली यांनी सीझरचे नाव जोडले होते आणि ते मला अतिशय समर्पक वाटते.

ही चर्चा केवळ शब्दांपुरती नाही. ‘अमानिटा’ याच प्रजातीत यकृत निकामी करणारी ‘अमानिटा फॅलॉइडिस’ येते आणि तिचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. कोवळेपणी दोघीही पांढऱ्या आवरणात अंड्यासारख्या दिसतात. सीझरच्या अळंबीचे ‘ओव्होलो’ हे इटालियन नाव त्या अंड्यावरूनच आले आहे, आणि ते आवरण उघडण्यापूर्वी ती तोडण्यास इटलीच्या १९९३ च्या कायद्याने मनाई आहे.

म्हणून इतिहासविषयक किंवा खाद्यविषयक लेखांत अळंबीच्या प्रचलित नावाशेजारी शास्त्रीय नाव छापावे, आणि प्राचीन रोमच्या संदर्भात ‘बोलेटस’ आली की ती पोर्चिनी नव्हे, एवढे स्पष्ट करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक