यात्रा सांगता येते, मजुरी का नाही?

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही बोळात शिरा. बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या दिसतील. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात गुंतलेले, डोळेही गुंतलेले. पेपर वाचायची सोय नाही, मोबाइल बघायची नाही. कान तेवढे मोकळे. सामुदायिक रेडिओला, म्हणजे वस्तीतल्या लोकांनी वस्तीसाठी चालवलेल्या छोट्या रेडिओला, याहून चांगला श्रोता कुठे मिळणार?

पण तुमच्या धोरणातली एक अट आडवी येते. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही असं रेडिओ केंद्र काढता येतं. शंभर वॅट, दहा-बारा किलोमीटरचा पल्ला, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक हवेत. इथवर उत्तम. बातम्या आणि चालू घडामोडी मात्र बंद. बातम्या द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा किंवा फार तर स्थानिक भाषेत उलथून.

म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज, त्या सजवलेल्या उंच काठ्या, कसे निघाले, ते खुशाल सांगा. हजार विड्यांमागे मजुरी किती ठरली, छाट म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचं पुढे काय होतं, हे विचारलं की झाली चालू घडामोड. यात्रेत काठी धरणारा आणि घरी विड्या वळणारी एकाच घरातले असतात हो!

१२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. त्यांच्यावर तासभर कार्यक्रम करायला तुमची हरकत नाही. ते जे करत होते, ते करायला आहे.

बेताल कुणी बोलेल, अशी भीती असेल, तर प्रसारित कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपायची अट आहेच की. पुरावा आयताच मिळतो. उलट मोबाइलवर कुणीही उठून चॅनेल काढतो, दिवसभर 'ब्रेकिंग' ओरडतो. त्याला परवाना लागत नाही. आणि ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय.

तेलंगणातल्या माचनूरला दलित बायका २००८ पासून स्वतःचा रेडिओ चालवतात. पूर्व भागातल्या घराघरांत तीच तेलुगू बोलली जाते, शेजारच्या गल्लीत कन्नड, पुढे दखनी. बायका बोलायला कमी पडणार नाहीत, याची खात्री सोलापूरकर म्हणून मी देतो.

मागणी मोठी नाही. रेडिओ केंद्राचा आवाज जिथवर पोचतो, तिथल्या बातम्या द्यायची मुभा द्या: मजुरी, रेशन, महापालिकेची सभा, घरकुलाचे हप्ते. दिल्लीचं राजकारण आकाशवाणीकडेच राहू द्या, आमची काही तक्रार नाही. हा बदल कधी करणार, तेवढं लेखी कळवा.

आपला,
पूर्व भागातला एक रहिवासी, सोलापूर