जुना टीव्ही गेम बिघडलेला नाही, जोडणी चुकते आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या खोक्यातून नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम खाली येतो. दोन रिमोट, एक बंदूक, चार-पाच कॅसेटी. मुलं तो हौसेने भिंतीवरच्या एलईडीला लावतात, पडदा निळाच राहतो आणि ‘खराब झाला’ म्हणून खोकं भंगारात जातं. यातले बरेच गेम ठणठणीत असतात. अडतं ते टीव्हीशी जोडताना. दुकानदारही ‘आता हे चालत नाही’ म्हणून मोकळे होतात, म्हणून जोडणीची माहिती जरा सविस्तर देत आहे.

आपल्याकडे घरोघरी होते ते गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला. कॅसेट ६० पिनांची, आत ५ व्होल्टवर चालणारं सर्किट आणि टीव्हीकडे जाणारा सिग्नल पूर्णपणे ॲनालॉग.

टीव्हीला हात लावण्याआधी अडॅप्टर तपासा. बहुतेक गेमना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पुष्कळ गेममध्ये पिनेच्या आत मायनस, बाहेर प्लस असतं. घरात सहज सापडणारा राउटरचा अडॅप्टर नेमका उलटा, आत प्लस असलेला. पिन तंतोतंत बसते म्हणून तो लावला आणि गेममध्ये संरक्षक डायोड नसला, तर चालू गेम त्या क्षणी जळतो. गेमच्या खालच्या बाजूला गोलाचं छोटं चित्र असतं, त्यात मधल्या टिंबाला कोणतं चिन्ह जोडलंय ते पाहा. मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक अडॅप्टरच्या पिनेच्या आत आणि काळं बाहेर लावा. आकड्यामागे वजा चिन्ह आलं तर आत मायनस आहे. ट्रान्सफॉर्मरचा जुना जड अडॅप्टर लोड नसताना ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवतो, त्यात बिघाड नाही. मात्र सीसीटीव्हीचा पक्का १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरू नका. आतला ७८०५ रेग्युलेटर ५ व्होल्टच्या वरचं सगळं उष्णतेत घालवतो. ४०० मिलिअँपिअरला ९ व्होल्टवर ती १.६ वॅट होते, १२ व्होल्टवर २.८ वॅट. छोट्या पत्र्याच्या हीटसिंकला हा फरक झेपत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत चित्र गोठू लागतं. पडद्यावर आडवे जाड पट्टे हळूहळू सरकत असतील तर अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकलाय. तो बदलणं अगदी किरकोळ काम आहे.

आता जोडणी. गेमच्या कडेला किंवा मागे पिवळं आणि लाल किंवा पांढरं अशी दोन गोल सॉकेटं असतील तर तीच वापरा. अँटेनाच्या वायरीपेक्षा चित्र पुष्कळ स्वच्छ येतं. आवाज एकाच वायरीतून येतो, त्यामुळे तो टीव्हीच्या पांढऱ्या सॉकेटला द्या. एकाच स्पीकरमधून वाजला तर एकाचे दोन करणारा वाय जोड मिळतो. टीव्हीच्या मागे पाच सॉकेटं असतील आणि पिवळं वेगळं दिसत नसेल, तर हिरव्याभोवती पिवळं कडं किंवा ‘व्हिडिओ’ असं लिहिलेलं असतं. पिवळी पिन तिथेच जाते. मग सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडायचं. ‘कंपोनंट’ निवडलं गेलं की चित्र काळं-पांढरं आणि बारीक ठिपक्यांचं दिसतं, आणि लोकांना गेमचा रंग गेला असं वाटतं.

नव्या टीव्हीत सगळ्यात जास्त फसगत होते ती हेडफोनसारख्या छोट्या एव्ही छिद्रापाशी. त्यात जाणाऱ्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळी कडी आणि चार भाग असतात: दोन आवाजाचे, एक चित्राचा, एक अर्थचा (अर्थिंगचा). कोणता भाग कशासाठी हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नाही. काहींचं चित्र शेवटच्या भागावर असतं, काहींचं त्याच्या अलीकडच्या. त्यामुळे बाजारातली कोणतीही वायर कोणत्याही टीव्हीला चालत नाही. वायर नवी आहे आणि चित्र येत नाही, तर आधी गेमची पिवळी पिन वायरीच्या लाल आणि मग पांढऱ्या सॉकेटात घालून बघा. अर्थ जागेवर असेल तर तिन्हींपैकी एकात चित्र येतंच. कशातच नीट येत नाही, नुसती गुणगुण आणि फिकट, हलणारी सावली दिसते, तर अर्थ आणि चित्राचे भाग उलटे आहेत. ती वायर परत करा आणि त्याच टीव्हीच्या मॉडेलची मागा. मल्टिमीटरचा बझर लावून पाहिलं तर तिन्ही सॉकेटांचं बाहेरचं कडं पिनेच्या ज्या भागाशी वाजतं तो अर्थ.

चित्र आलं पण रंग नाही, तर टीव्हीच्या मेनूत ‘कलर सिस्टिम’ शोधा आणि ऑटोवरून ‘पाल’वर (PAL, आपल्याकडची रंगाची पद्धत) न्या. काही टीव्हींत हा पर्याय एव्ही सोर्स चालू असतानाच दिसतो.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टरची डबी लागते. इथे दिशा सांभाळा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ या डब्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात आणि काउंटरवर सर्रास उलटी हातात येते. आपल्याला पहिली हवी, जिच्यावर पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटांपाशी ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. तिला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावेच लागतात. एचडीएमआयमधून तिला पुरेशी वीज मिळेल या भरवशावर राहू नका. काही स्वस्त डब्यांना या गेमचा सिग्नल धरून ठेवता येत नाही आणि पडदा मधूनमधून काळा होतो. म्हणून गेम पिशवीत घालून दुकानात न्या, लावून बघा, मगच पैसे द्या.

ज्या गेमला फक्त अँटेनाची वायर आहे, तोही चालतो, पण टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर असायला हवा. सेट-टॉप बॉक्सच्या सवयीमुळे हा भाग आता कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. गेमची पिन थेट टीव्हीच्या अँटेना सॉकेटात घाला. कॅसेट बसवून गेम आधी चालू करा, कारण सिग्नल नसताना शोध घेऊन काही उपयोग नाही. सोर्स ‘टीव्ही’, प्रकार ‘अँटेना’, शोध ‘ॲनालॉग’ आणि ‘मॅन्युअल’. ऑटो सर्च कधी कधी हे चॅनल ओलांडून पुढे जातो, म्हणून सुरुवात हाताने ४७ मेगाहर्ट्झपासून करा. व्हीएचएफच्या ४७ ते ६८ या खालच्या पट्ट्यात बघून झालं की वरचा पट्टा आणि मग यूएचएफ. मेनूत ‘ब्लू बॅक’ किंवा ‘ब्लू स्क्रीन’ असेल तर आधी बंद करा. सिग्नल जरा कमजोर असला की टीव्ही त्यावर निळा पडदा टाकतो आणि सापडलेलं चॅनलही दिसत नाही. तो बंद असला की मुंग्यांमधून चित्र वर येताना दिसतं, मग फाइन ट्यूनने स्थिर करून ते एखाद्या क्रमांकावर साठवा.

चित्र स्वच्छ आहे आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर, तर साउंड सिस्टिम चुकली आहे. आपल्या ‘बीजी’ पद्धतीत आवाज चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, चीनच्या ‘डीके’मध्ये ६.५ वर, हाँगकाँगच्या ‘आय’मध्ये ६ वर आणि जपान-अमेरिकेच्या ‘एम’मध्ये ४.५ वर. गेम कोणत्या बाजारासाठी बनला होता त्यावर हे ठरतं. मेनूत एकेक लावून बघा. मुंग्या हटतच नसतील तर वायरीची पिन उघडा. पुष्कळ पिनांत मधली तार नुसती दाबून बसवलेली असते, डाग (सोल्डर) दिलेलाच नसतो. तीस वर्षांत ती काळी पडते. ब्लेडने खरवडून डाग दिला की चित्र एकदम उघडतं.

परदेशातून येताना नातेवाइकांनी आणलेल्या मूळ गेमची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला लावला की संपला. नुसता पिन बदलणारा जोड व्होल्टेज कमी करत नाही, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरच लागतो. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, आत मायनस. एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन आवृत्तीच्या, मूळ अडॅप्टरमधून मात्र ९ व्होल्ट एसी येतं, तेव्हा एकाचा दुसऱ्याला लावू नका. फॅमिकॉमचं अँटेना चॅनल ९१.२५ किंवा ९७.२५ मेगाहर्ट्झवर येतं. आपल्याकडे हा एफएम रेडिओचा पट्टा असल्याने मोठ्या शहरांत चित्रावर जाळी दिसते. त्यात एव्ही आउटपुट काढून घेणं हाच खरा उपाय, आणि ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावं.

चित्र लागल्यावर टीव्हीचा आकार ४:३ ठेवा, शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन शून्यावर आणा, गेम मोड चालू करा. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते ती टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो म्हणून. १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ५० हर्ट्झच्या गेममध्ये ५ फ्रेम, एवढ्यात खड्डा येऊन गेलेला असतो. शिवाय हे गेम प्रत्येक वेळी त्याच ओळी पाठवतात, नवा टीव्ही मात्र त्यांना सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांसारखं जोडू पाहतो. मार लागल्यावर लुकलुकणारा मारिओ काही टीव्हींवर पार गायबच होतो तो यामुळे.

बंदुकीबद्दल स्पष्ट सांगायला हवं: बदकं मारायचा मूळ खेळ एलईडीवर चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला तो ठरलेल्या क्षणीच दिसावा लागतो आणि नव्या टीव्हीवर तो उशिरा येतो. मूळ निन्टेन्डोच्या बंदुकीत तर सुमारे १५ किलोहर्ट्झने चमकणारा प्रकाशच ओळखणारं सर्किट आहे. पिक्चर ट्यूबवर सेकंदाला १५,६२५ ओळी निघतात, तिथून तो प्रकाश मिळतो. एलईडीत तो मिळतच नाही. बंदूक उघडून बसू नका.

कॅसेटीत फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्याने पिना हिरव्या पडतात आणि कोकणातल्या दमट हवेत त्या आधीच पडलेल्या असतात. कानकाडीवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पिना पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग लावा.

टीव्ही कंपन्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. एव्हीची छोटी वायर खोक्यात द्या. ती देत नसाल तर तिच्या चारही भागांचा क्रम माहितीपुस्तिकेत छापा, मराठीतही छापा. एव्ही आणि ॲनालॉग ट्यूनर आहे की नाही हे खोक्यावर ठळक लिहा, म्हणजे गिऱ्हाईक घेण्याआधीच ठरवू शकेल. आणि वाचकांना विनंती, घरात पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही असेल तर तो इतक्यात भंगारात देऊ नका. या गेमना त्याच्याइतका योग्य टीव्ही आता बनत नाही. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्वीच बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

आपला नम्र,
एक टीव्ही मेकॅनिक, सातारा