स्क्रिप्ट उडवून एरर जातो, काम राहतं

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लिनक्सवर पानभर मजकूर आला, मराठी पेपरात हा विषय बघून बरं वाटलं, पण त्यातल्या एका सल्ल्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. उबुंटू या लिनक्सवर पॅकेज (म्हणजे एखादं सॉफ्टवेअर) टाकताना 'पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस 1' आलं की /वार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये जाऊन त्या पॅकेजची पोस्टइन्स्ट फाइल (म्हणजे पॅकेज टाकल्यावर उरलेली मांडणी करणारी हीच स्क्रिप्ट) उडवा आणि मोकळे व्हा म्हणे! नेटवर पण हेच सांगत सुटलेत सगळे. अहो, फाइल उडवली की एरर जातो, पॅकेज यादीत शहाण्यासारखं 'इन्स्टॉल्ड' दिसतं, पण त्या स्क्रिप्टने जे करायचं होतं ते कोण करणार?

मी एका कॉलेजच्या लॅबमधली मशीन्स बघतो. आमच्याकडे हे लफडं बहुतेक वेळा कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला होतं, कारण /बूट चं पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग) कुणीतरी कंजुषी करून एवढंसं ठेवलेलं, जुने कर्नल साचत जातात आणि नवी इनिटआरडी (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) लिहायला जागाच उरत नाही. आता गंमत बघा, त्या एररच्या चार ओळी वर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण लोक शेवटची ओळ तेवढी गुगल करतात. अशा वेळी पोस्टइन्स्ट उडवली तर इनिटआरडी नसलेला कर्नल तसाच पडून राहतो आणि पुढे कधीतरी ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) अपडेट झालं की रीबूटला कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन सुरूच होत नाही, तेही नेमकं प्रॅक्टिकलच्या दिवशी.

खरं तर 'डीएफ -एच /बूट' मारून जागा बघायची, 'युनेम -आर' ने चालू कर्नल कोणता ते बघायचं, तो सोडून जुन्यातला एखादा 'डीपीकेजी --पर्ज' ने काढायचा (जुनं आपोआप काढणारं ऑटोरिमूव्ह अशा वेळी स्वतःच अडकून बसतं) आणि मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करणारी कमांड). तीच स्क्रिप्ट परत चालते. परत चालवली तरी बिघडू नये अशीच ती लिहायची, असा उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनचा नियमच आहे. टर्मिनल बंद केलं असेल तर /वार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग मध्ये सगळं सापडतं.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सकडे उलटं, तिथे आरपीएम पॅकेजची पोस्ट स्क्रिप्ट फेल झाली तरी नुसती वॉर्निंग येते आणि पॅकेज इन्स्टॉल झालं असं धरलं जातं. कुणाचं लक्षही जात नाही. मला विचाराल तर डेबियनचं अडून बसणं परवडलं.

आता काही कंपन्यांच्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये स्क्रिप्टच गचाळ असते, पॅकेज काढण्याआधी चालणारी प्रीआरएम स्क्रिप्ट फेल होते आणि पॅकेज काढताही येत नाही, तिथे हात घालावाच लागतो, मान्य. पण तेव्हाही आधी फाइलची कॉपी ठेवा, फाइलच्या सुरुवातीला 'सेट -एक्स' (चालणारी प्रत्येक ओळ दाखवणारी कमांड) टाकून नेमकी कुठली ओळ अडते ते बघा, आणि तेवढीच दुरुस्त करा. पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल, आमची पोरं तुमची पुरवणी वाचून लगेच करून बघतात.

– एक लॅब असिस्टंट, सांगली