ती. आई-बाबांस, बावधनच्या खोलीबद्दल

वाकड, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेय, असं वाटेल. पण फोनवर हे बोलणं होत नाही. आई, तू "आम्ही मजेत, तुमचं सांगा" म्हणतेस आणि लगेच फोन बाबांकडे देतेस. बाबांचा आवाज आता इतका बारीक झालाय की मी रस्त्यातून बोलत असले तर मला निम्मं कळत नाही. म्हणून लिहिते. सावकाश वाचा. बाबा, तुम्ही सकाळची गोळी लागू झाल्यावर वाचा, आणि आईने मोठ्याने वाचावं.

ठरलंय ते आधी सांगते. दसऱ्याला तुम्ही दोघांनी बावधनला, ज्येष्ठांच्या निवासात राहायला जायचं आहे. दादाशी बोलून मी अनामत रक्कम भरली आहे. पितृपक्षात काही नको हे आई म्हणणार, ते मला माहीत होतं, म्हणूनच साडेतीन मुहूर्तांतला दिवस धरला.

आता रागावू नका. निदान पुढचं वाचेपर्यंत तरी.

गौरी विसर्जनाच्या रात्रीचं मला शेजारच्या काकूंकडून कळलं. काकूंवर चिडायचं नाही, मीच खोदून खोदून विचारलं. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडले आणि त्यांना उठवता येईना, म्हणून आई, तू त्यांच्या डोक्याखाली उशी देऊन फरशीवर बसून राहिलीस. काकूंची झोप मोडू नये म्हणून उजाडायची वाट पाहिलीस. मी वाकडला होते. रात्री रस्ता मोकळा असतो, अर्ध्या तासात आले असते. तू मला उठवलं नाहीस, कारण सोमवारी माझं ऑफिस होतं. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. लोक म्हणतील, पार्किन्सन्स वाढला म्हणून मुलांनी हलवलं. तुम्हाला मात्र खरं कारण कळायला हवं. हे मी आईसाठी केलंय. रात्री तुम्हाला कूस बदलता येत नाही, ती उठते. लघवीला जायचं असतं, ती उठते. पहाटे पायात गोळे येतात, ती उठून तेल लावते. पंचाहत्तरीची बाई आहे ती, तिच्या स्वतःच्या गुडघ्यांची ऑपरेशनं आपण कधीपासून पुढे ढकलतोय. गेल्या महिन्यात ती भाजी निवडता निवडता बसल्या जागी झोपली होती, हातात मेथीची जुडी तशीच. आईला काही झालं तर तुमचं कोण करणार, हा प्रश्न सगळे विचारतात. मला पडतो तो प्रश्न वेगळा आहे: आईचं आत्ता कोण करतंय?

घरी माणूस ठेवून पाहिला की आपण. नर्सिंग ब्यूरोकडून आलेले ते ब्रदर बरे होते, पण गणपतीत गावी गेले ते परत आलेच नाहीत. नंतर आला तो रात्रभर मोबाइल बघायचा आणि आईच उठायची, वर त्याचा चहा-नाश्ता. त्याला सुट्टी हवी असली की बदली माणूस नाही. एकच माणूस, एकच घर, आणि तो आला नाही की सगळं आईवर. बावधनला पाळ्या आहेत. एक आला नाही तर दुसरा असतो. मला एवढंच हवं होतं.

माझ्याकडे का नाही, हे तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगणार आहे. बाबा, "लेकीकडे पाहुणा म्हणून चार दिवस" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, आणि यांनी दोनदा आग्रह केला तेव्हाही तुम्ही तेच म्हणालात. तरी मी तो विचार पूर्ण करून पाहिला. आम्ही दोघं नऊला बाहेर पडतो. सासूबाई स्वतः काठीवर. म्हणजे दिवसभर पुन्हा ब्यूरोचाच माणूस. दादाकडे बंगळूरला लिफ्ट आहे, मोठी खोली आहे, पण तिथे बाबांशी बोलणार कोण? आणि आपले डॉक्टर सोडायचे नाहीत, ते इथेच पुण्यात. घराला लिफ्ट होईल म्हणून किती वर्षं थांबलोय. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालूच आहेत, होईल तेव्हा होईल. तोवर दुसऱ्या मजल्यावरून बाबांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं, हे मला बघवत नाही. शेवटचं पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या ११ एप्रिलच्या मेळाव्याला ते खाली उतरले होते, आणि तिथे केवढे खुलले होते!

जागा मी कशी निवडली ते ऐका. बऱ्याच ठिकाणी हिंडले. कुठे कारंजं होतं, कुठे क्लबहाउस, माहितीपत्रकं तर इतकी गुळगुळीत. मी ते बाजूला ठेवलं आणि सगळीकडे तेच विचारलं: रात्री दहानंतर नर्स कोण असते, किती जणांमागे असते, आणि हाक मारल्यावर खोलीत यायला तिला किती वेळ लागतो. एका ठिकाणी उत्तर द्यायला तीन माणसं बोलवावी लागली, तिथून मी उठले. बावधनला मी न सांगता रात्री गेले. बेल वाजली, नर्स धावत न जाता पण लगेच गेली. राहणाऱ्या आजोबांची नखं कापलेली होती, दाढी केलेली होती. जिन्यात, बोळात कुठे वास नव्हता. वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, तेही बघून आले.

आणि बाबा, गोळ्या. तुमची गोळी सात, अकरा, तीन, सात या वेळांना लागते आणि अर्धा तास उशीर झाला तर हातपाय आखडतात. हे मी त्यांच्या नर्सला सांगायला लागले, तर तीच म्हणाली, "पार्किन्सन्सवाल्यांच्या गोळ्या आम्ही जेवणाच्या ट्रॉलीबरोबर देत नाही, वेगळा गजर लावतो." गोळी आणि जेवणात अंतर हवं आणि प्रथिनं जास्त असली की गोळी नीट लागू होत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांनी उसळ, दही रात्रीच्या जेवणात ठेवायला सांगितलंय, तेही तिने लिहून घेतलं. मी तिथेच ठरवलं.

खोलीला उंबरा नाही. न्हाणीघरालाही नाही. गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत असं घालून दिलं आहे. मी टेप घेऊन गेले होते, भरतात. अरुंद दारात आणि उंबऱ्यापाशीच बाबांचे पाय जमिनीला चिकटतात ना, म्हणून मला त्याची फार काळजी होती. तरी अडकलेच, तर लेझीम आहेच. "चार आवाज" म्हटलं की बाबांचा पाय उचलतो, हे मी तिथल्या फिजिओथेरपिस्टना करून दाखवलं. मोजणीच्या ठेक्यावर पाय सुटतो हे त्यांना ठाऊक होतं, पण लेझीम त्यांना नवीन. दोघी मावशी माझ्याबरोबर हातात काही नसताना लेझीमचे हात करत होत्या. बाबा, शाळेच्या मैदानावर तुम्ही शिट्टी घेऊन पुढे आणि मी सगळ्यात मागे, माझा डावा-उजवा चुकायचा म्हणून तुम्ही माझ्या उजव्या मनगटाला रुमाल बांधला होतात. खडकीहून फॅक्टरी सुटल्यावर सायकल मारत थेट मैदानावर यायचात, डबासुद्धा तसाच हँडलला. तेव्हा तुम्ही दमलेले असाल हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

आई, आता तुझे प्रश्न. हो, सकाळचा पहिला चहा तूच करायचा. खोलीत ओटा लहान आहे आणि गॅस नाही, इंडक्शन शेगडी आहे. ती कशी लावायची ते मी शिकवते, भिऊ नकोस. गवती चहाची कुंडी गॅलरीत राहील, पूर्वेचं ऊन येतं. चितळ्यांची पिशवी रोज मिळेल. जेवण तिथलं चांगलं आहे, भाकरी आठवड्यातून तीनदा, वरण जरा गोड करतात ते तुला आवडणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू काहीतरी कर, पण रोज करायचं नाही. देव्हारा येणार. निरांजन तू जवळ असताना चालतं, उदबत्ती मात्र खोलीत नको, बाबांना ठसका लागतो. पुढच्या वर्षी गणपती तिथेच बसवायचा, मी परवानगी काढली आहे, आणि मोदक आम्ही माझ्याकडून करून आणू. दोन पलंग वेगळे आहेत पण जवळ लावता येतात. बाबांच्या बाजूचा वर-खाली होणारा. रात्री त्यांना वळवायला बाहेरचा माणूस येईल. तू उठायचं नाहीस. सुरुवातीला तुला जाग येईलच, तरी पडून राहा.

तू म्हणशील, "परक्या माणसाने यांचं केलेलं यांना आवडणार नाही." नसेल आवडत. सुरुवातीला बाबा गप्प होतील, जेवणार नाहीत कदाचित. मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा मी तुझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नव्हते आणि तू पाच रात्री माझ्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा घेऊन बसली होतीस. तुझा हात अजून कपाळावर आठवतो. आई, तो हात आता दुखतो तुझा. बाबांच्या कपाळावर ठेवायला तो राहू दे, त्यांना उचलायला नको.

पैशांची काळजी करू नका. अनामत परत मिळणारी आहे. दरमहाचा बराचसा भाग बाबांच्या पेन्शनमधून निघतो. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के वाढ मिळाली ती आता कामी येईल. उरलेलं मी आणि दादा निम्मं निम्मं. एफडी मोडायच्या नाहीत. करारात काय धरलंय आणि कशाचे वेगळे पैसे पडतात, डायपर, जादा फिजिओथेरपी, हॉस्पिटलात सोबत, हे मी ओळ न् ओळ वाचलंय. पहिले तीन महिने राहून पाहायचे. नाहीच जमलं, तर अनामत परत आणि तुम्ही घरी. मग मी दुसरं काहीतरी उभं करीन, पण एकट्या आईवर पुन्हा टाकणार नाही.

घर विकायचं नाही. ते बंद राहील, किल्ली काकूंकडे आणि एक माझ्याकडे. आणि बाबा, ते कुणाच्याही नावावर करायचं नाही, दादाच्याही नाही आणि माझ्याही नाही. बक्षीसपत्राचा विषय कोणी काढला तर सरळ नाही म्हणा. २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळण्याची अट घालून दिलेलं घर ती न पाळल्यास परत मिळवता येतं, पण तुम्ही त्या ट्रायब्युनलच्या पायऱ्या चढायच्याच कशाला? इच्छापत्र केलेलं आहे, तेवढं पुरे. नाशिकच्या मावशीचं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आता करायच्या गोष्टी. बुधवारी तिथली नर्स घरी येईल, बाबांना बघायला. आंघोळ, बटणं, जेवण, चालणं, सगळं विचारेल. त्यावरून मदत किती लागणार ते ठरतं. आई, खरं सांगायचं. "तसे हे सगळं आपलं आपण करतात" असं म्हणायचं नाही. रात्री किती वेळा उठतेस ते सांगायचं, पडल्याचंही सांगायचं. मी येणारच आहे, पण मी बोलण्याआधी तू बोल.

बाबांचा हयातीचा दाखला ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, तो आपण निघण्याआधीच मोबाइलवर चेहऱ्यावरून करू. बोटांचे ठसे गेल्या वर्षी उमटले नव्हते, त्यामुळे बँकेत जायचं नाही. सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची कार्डं, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी एका निळ्या फाइलमध्ये घालून ठेवा. माळ्यावर चढायचं नाही, आई. पितळेचे डबे, माझी बाहुली, दादाचे कप, जे काय असेल ते तिथेच राहू दे, आपण घर सोडत नाही आहोत. बाबा, उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, लगेच उभं राहिलात की रक्तदाब उतरतो. पाणी सरळ बसूनच प्या, घोट लहान. आणि दसऱ्यापर्यंत रात्री काहीही झालं तरी मला फोन करायचा. दोन वाजले असोत, चार वाजले असोत. ऑफिस माझं मी बघीन.

वाकडहून हायवेने बावधन जवळ पडतं. मी ऑफिसातून परतताना रोज अर्धा तास येऊ शकेन, पेठेत यायला ते कधी जमलं नाही. बसून गप्पा मारू. आल्या आल्या कामाला लागायचं, गोळ्या मोजायच्या, सिलिंडर लावायचा, ब्यूरोला फोन करायचा, यातच माझी वेळ संपायची. बाबांशी गेल्या वर्षात मी औषधाशिवाय फारसं काही बोललेच नाही. मला त्यांना खडकीचे दिवस विचारायचे आहेत, हळू बोलले तरी चालेल, मी जवळ बसेन.

तुम्ही दोघं काही बोलला नाहीत तरी मी समजेन. पण बोललात तर बरं वाटेल. रागावून बोललात तरी.

दादा दसऱ्याच्या आदल्या रात्री पोहोचतो. यांनी गाडी सांगून ठेवली आहे, मागची सीट पूर्ण मागे जाते.

तुमची,
ठमी

ता. क. कानाच्या मशीनचे सेल मी घेतलेत, आणायला कुणाला पाठवू नका. आणि आई, बाबांच्या स्वेटरला बटणांऐवजी चेन लावायला टाकली आहे, तो कपाटात शोधत बसू नकोस.