शिकागोच्या पोलीस प्रमुखांना एका व्हिसलवाल्याचं आभारपत्र

माननीय फ्रान्सिस ओ'नीलसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही १९३६ सालीच गेलात, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता असं उघड्यावरच लिहितो आहे.

नोकरीसाठी डब्लिनला आलो आणि इथल्या पबांमधल्या सेशन्सचा, म्हणजे एकत्र जमून आयरिश पारंपरिक धुना वाजवण्याच्या बैठकींचा नाद लागला. फिडल, फ्लूट, कॉन्सर्टिना आणि शेवटच्या खुर्चीत माझी टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी. एखाद्या रीलच्या (हा नृत्यधुनेचा एक प्रकार) दुसऱ्या भागावरून वाद झाला की कोणीतरी तुमच्या पुस्तकाचा हवाला देतं. १९०७ साली छापलेलं, १००१ नृत्यधुनांचं पुस्तक. इथे त्याला नुसतं 'द बुक' म्हणतात.

तुमचा जन्म १८४८चा, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या बँट्रीजवळ, ऐन बटाट्याच्या दुष्काळात. कोवळ्या वयात जहाजावर गेलात. पॅसिफिकमध्ये जहाज फुटलं. ज्या जहाजाने वाचवलं त्यावर शिधा तुटपुंजा, पण एका हवाईयन खलाशाकडे फ्लूट होती. तुम्ही ती वाजवलीत आणि तो आपल्या वाट्याचं तुम्हाला देऊ लागला. पोलीस प्रमुखाच्या आठवणींत हे वाचताना मी मोठ्याने हसलो.

१८७३ला तुम्ही शिकागो पोलिसांत भरती झालात, १९०१ ते १९०५ प्रमुख होतात. आयर्लंडमध्ये नैऋत्येकडच्या केरीचा पायपर (आयरिश बॅगपाइप वाजवणारा) आणि वायव्येकडच्या डोनेगॉलचा फिडलर यांची गाठ सहसा पडली नसती. पोटासाठी परागंदा झालेली ही माणसं शिकागोत मात्र एकाच शहरात सापडली. त्यांच्याकडच्या धुना तुम्ही नुसत्या कानांनी उचलल्यात. नोटेशन तुम्हाला लिहिता येत नव्हतं. तुम्ही वाजवून दाखवायचं आणि जेम्स ओ'नील यांनी उतरवून घ्यायचं (आडनाव एक, नातं काही नाही). १९०३च्या संग्रहात १८५० धुना जमल्या.

तुमच्या आधी कोणी हे केलंच नव्हतं असं नाही. १७९२ साली बेलफास्टला म्हातारे हार्पवादक जमले तेव्हा १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने त्यांचं वादन टिपून घेतलं होतं. पण त्या धुना पियानोसाठी बेतून छापल्या गेल्या आणि दिवाणखान्यात जाऊन बसल्या. तुम्ही १९०७ला नुसती धून छापलीत, साथसंगत वगळून. ज्याला वाजवायची आहे त्याच्यासाठी. माझे आभार मुख्यतः एवढ्यासाठीच आहेत.

काही जाणकार म्हणतात, तुमच्या पानांवर रोल नाहीत, कट नाहीत, म्हणजे सुरांची सजावट नाही, नुसता सांगाडा आहे. आमच्या मुंबईत पंडित भातखंड्यांनी हिंदुस्तानी संगीतातल्या घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या तेव्हा त्यांनाही असंच ऐकावं लागलं. मला तो दोष वाटत नाही. सांगाडाच हाती असल्यामुळे बाकीचं शेजारच्या खुर्चीवरच्याकडून ऐकून घ्यावं लागतं, आणि तो ते आनंदाने देतो. निदान मला तरी दिलंय.

तुमच्या मागे बरंच घडलं. १९५१ला कोल्टस ही पारंपरिक संगीताची संघटना, १९६८ला पायपर मंडळींची संस्था, १९८७ला डब्लिनचं पारंपरिक संगीताचं अभिलेखागार. २०१७ साली इलियन पाइप्सच्या, म्हणजे आयरिश बॅगपाइपच्या वादनाला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. तुम्ही पायपर पॅट्सी टूहींचं वादन मेणाच्या सिलिंडरवर ध्वनिमुद्रित केलंत, ते आता कोणालाही घरबसल्या ऐकता येतं. खरखर पुष्कळ आहे, पण बोटं कळतात.

जेम्स ओ'नील यांना माझा वेगळा नमस्कार सांगा. मुखपृष्ठावर तुमचं नाव मोठं असलं तरी हात त्यांचा होता. टूहींनाही नमस्कार.

आपला कृतज्ञ,
डब्लिनमधला एक मराठी व्हिसलवाला