सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र: तेवढा एक जीआर रंगवून घ्या!

मंत्रीसाहेब, नमस्कार.

२०१६ मध्ये आपल्या राज्याने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, छान झालं, पण तो कागद कोणी हौसेने बघायला जाईल असं काही त्यात नाही हो. म्हणून आर्थर शिकचं काम एकदा बघाच.

हा पोलंडमधल्या लॉद्झचा ज्यू चित्रकार. १२६४ साली तिथल्या बोलेस्वाफ नावाच्या ड्यूकने ज्यूंना हक्क आणि संरक्षण देणारी कालिशची सनद दिली होती, ती यानं १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये बसून जुन्या पोथ्यांसारखी सोनेरी-निळ्या रंगांत पानं भरून काढली, आणि मजकूर एक-दोन नाही, नऊ भाषांत! कलमं तर वाचाच. रात्री ज्यू शेजारी मदतीला ओरडला आणि तुम्ही उठला नाहीत तर ३० शिलिंग दंड. सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, दगड मारला तर दंड मिऱ्यांचा (मिरी तेव्हा आपल्या मलबारातूनच जायची तिकडे). आता ड्यूक काही संत नव्हता, सनदेत बराच भाग सावकारी आणि गहाणवटीचा आहे आणि ज्यूंकडून तिजोरीला होणारा फायदा त्याला दिसत होताच. शिकने मात्र कलमांभोवती माणसं आणली, कष्टकरी, कारागीर, पोलंडसाठी लढता लढता १८०९ मध्ये मेलेला ज्यू कर्नल बेरेक योसेलेविच. शिकच्या काळात पोलंडमध्ये ज्यूद्वेष वाढत होता, त्याला तेव्हाच्या लोकांना सांगायचं होतं की बाबांनो, आम्ही इथलेच.

आपल्याला हे नवीन नाहीये. संविधानाची मूळ प्रत नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींनी सजवलीच की! मग या जीआरचं एक पान जेजे कला महाविद्यालयाच्या पोरांकडून करून घ्या ना, मधे मजकूर सुलेखनात आणि कडेनं बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, त्यांचा तेलाचा घाणा, त्यांच्या मलिदा विधीचं ताट, त्यांचे पूर्वज जिथे उतरले असं ते सांगतात तो नवगावचा किनारा, मुंबईतली १७९६ची सिनेगॉग. काय काढायचं ते त्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवा, कमिटी नेमून नको.

आणि झालं की मंत्रालयात लोक पासासाठी रांग लावतात ना, तिथे लावा. चित्रकारांचं बिल मात्र लटकवू नका, प्लीज.

आपला,
एक मतदार